उजेड किती मंद होतो, ते आधी बघा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी जुन्नर तालुक्यात राहतो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. चार-बाराची पाळी असली की कारखान्याची बस रात्री साडेबाराला फाट्यावर सोडते. तिथून वस्तीपर्यंत सव्वा किलोमीटर उसातून चालत जावं लागतं. बिबट्या आमच्याकडे नवा नाही. आतापर्यंत मोबाईलच्या टॉर्चवर भागवलं. दिवाळीत ऑनलाइन ३९९ रुपयांना 'एक लाख लुमेन' लिहिलेली टॉर्च घेतली, ती संक्रांतीआधीच बंद पडली. आता हजार-दीड हजारापर्यंत खर्चायची तयारी आहे. रोज खिशात राहील आणि चार-पाच वर्षं टिकेल अशी कुठली घेऊ? निदान किती लुमेन हवेत? वडील म्हणतात, आमची दोन सेलची बॅटरी काय वाईट होती?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर:

वडिलांना आधी माझा नमस्कार सांगा. बॅटरी म्हणणारी माणसं आता कमी राहिली. आमच्याकडेही टॉर्चला बॅटरीच म्हणत आणि तिच्यात घालायचे ते सेल. विजेरी हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात भेटला. दुकानात जाऊन कुणी विजेरी मागितलेली मी तरी ऐकली नाही. वडिलांचं म्हणणं मात्र टाकाऊ नाही, त्याकडे शेवटी येते.

तुमच्या ३९९ रुपयांचं आधी बघू, कारण तुमच्यासारखीच पत्रं मला दर महिन्याला येतात आणि सगळ्यांत दुखणं एकच असतं: लुमेन. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जेवढा उजेड बाहेर पडतो तो लुमेनमध्ये मोजतात. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे ढोबळ हिशेबाने एका वॅटला शंभर. मग एक लाख लुमेनला किती वॅट लागतील? हजार. घरातल्या इस्त्रीएवढे. तुमच्या मुठीत इस्त्री होती आणि तुम्हाला चटका बसला नाही, यातच सगळं आलं. पुढचं गणितही करून टाका. त्या टॉर्चमध्ये १८६५० आकाराचा, म्हणजे बोटाएवढा जाड लिथियमचा, अगदी उत्तम सेल असता, तरी त्यात साधारण १२ वॅट-तास वीज मावते. हजार वॅटने ती उपसली तर पाऊण मिनिटही पुरणार नाही. तुम्ही फाट्यावरून चार पावलं टाकेपर्यंत अंधार.

असला एक मेलेला नग एका विद्यार्थ्याने मला आणून दिला होता. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे लोक मला फुलांऐवजी बिघडलेल्या वस्तू देतात. मागचं झाकण काढलं, सेल बाहेर घेतला. वरच्या चकचकीत प्लास्टिकवर ९९०० एमएएच छापलेलं. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते आणि वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. हा सेल शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला तर २९ ग्रॅम भरला. सोनार म्हणाला, "मॅडम, घट जास्त आहे." उघडून बघायचा मोह मी आवरला. लिथियमच्या सेलला सुरी लावायची नसते, हे मी मुलांना शिकवत आले आणि स्वतःच विसरायचं तर कसं. टॉर्चच्या आत दिव्यामागे एक नाण्याएवढी पट्टी होती, तिच्यावर तीन-चार सुटे भाग. दिव्याची उष्णता अंगाकडे नेणारा धातूचा तुकडा नव्हताच. दिवा प्लास्टिकच्या बुडावर बसवलेला. असा एलईडी स्वतःच्याच उष्णतेने करपतो. तुमचाही तसाच गेला असणार.

आता तुमचा प्रश्न. निदान किती लुमेन हवेत, असं तुम्ही विचारता. मी म्हणेन, उलटं बघा. टॉर्च सगळ्यांत मंद किती होते, ते आधी विचारा. दुकानदार चक्रावेल. चक्रावू दे.

रोज खिशात राहणारी टॉर्च शंभरातल्या नव्वद वेळा हाताच्या अंतरावर लागते. कुलपाचं भोक, खाटेखाली गेलेली चप्पल, लाईट गेल्यावर मीटरपेटीतला खटका, रात्री दोन वाजता पोराच्या तापाचं औषध. अशा वेळी ५०० लुमेन डोळ्यांवर आले की तुम्ही आंधळे, घरातले जागे आणि पोर रडायला लागतं. मागे रात्रीच्या एसटीत माझ्या कानातली कुडी सीटखाली पडली. टॉर्चचा सगळ्यांत मंद टप्पा लावून, म्हणजे एक-दोन लुमेनवर, मी ती शोधून काढली आणि शेजारच्या आजींची झोपसुद्धा मोडली नाही. अंधाराला सरावलेले डोळे भगभगीत उजेड लागला की तो सराव गमावतात आणि पुन्हा पुरते सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास घेतात. तुम्ही तर बसमधून अंधारात उतरता. मोठा झोत लावून चालाल तर त्या गोलाच्या आतली धूळ पांढरीफेक दिसेल आणि गोलाबाहेरचा ऊस काळी भिंत होईल. उजेड ४०-५० लुमेनवर ठेवून बघा. पायवाट दिसते, बांध दिसतो आणि दोन्ही बाजूंच्या सरींत थोडं आतपर्यंतही दिसतं.

मंद टप्प्याचा आणखी एक उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भरपूर उजेड कुणीही पाडू शकतं, एलईडीला सेल सरळ जोडला की झालं. मंद आणि स्थिर उजेड पाडायला मात्र आत नीट सर्किट लागतं. स्वस्त टॉर्च मंद उजेडाचं सोंग करतात. दिवा पूर्ण ताकदीनेच पेटतो, पण सेकंदाला शे-दोनशे वेळा विझवून पेटवला जातो, आणि डोळ्याला तो मंद भासतो. हे पकडायला उपकरण लागत नाही. टॉर्च मंद टप्प्यावर लावा, मोबाईलचा कॅमेरा चालू करा आणि पडद्यावर बघा. उजेडात काळे पट्टे सरकताना दिसले की समजा, आत काटकसर आहे. असल्या उजेडात हात हलवला तर एकाचे पाच हात दिसतात, मला तर दहा मिनिटांत डोकं चढतं. मंद टप्प्यावर पैसे खर्चणारा कारखानदार सहसा बाकीच्या गोष्टींतही हात आखडता घेत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी तिथून सुरुवात करते.

तरीही जास्तीचा उजेड लागतोच, तुमच्याकडे तर नक्कीच. तो किती? पाकिटावर हजार-बाराशे लिहिलेलं असलं तरी मुठीएवढी टॉर्च तो उजेड दोन-तीन मिनिटंच देते. मग अंग तापतं, सर्किट स्वतःच उजेड उतरवतं आणि ती तीन-चारशेवर येऊन स्थिरावते. हा बिघाड नाही, शहाणपणा आहे. तेव्हा ३०० लुमेन सलग देणारी टॉर्च तुम्हाला पुरून उरेल. मोबाईलची टॉर्च ४०-५० लुमेनच्या घरात असते आणि तिचा उजेड पसरट, लांब जातच नाही. शिवाय खरी गरज पडेल तेव्हा फोन करायला मोबाईल मोकळा असावा आणि त्यात चार्ज असावा.

उजेड किती लांब जातो हे लुमेनवरून कळत नाही, त्यासाठी कॅन्डेला हा आकडा बघावा लागतो. चांगल्या पाकिटावर तो असतो. त्याचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर. २५०० कॅन्डेला म्हणजे १०० मीटर. ही मोजायची पद्धत अमेरिकेत २००९ साली ठरली, एफएल-१ म्हणतात तिला. पण त्यातली गोम ऐका. ज्या अंतरावर टॉर्चचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर त्यात धरतात. चांदण्यात काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. म्हणून लिहिलेल्या अंतराचं मी निम्मं करते. दुप्पट अंतरासाठी उजेड चौपट लागतो, हे विसरू नका. वेळेचंही तसंच आहे. 'आठ तास चालते' असं लिहिलेलं असतं तेव्हा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे ते आठ तास असतात.

बिबट्याबद्दल. लुकलुकणाऱ्या झोताने तो पळतो या भरवशावर टॉर्च घेऊ नका. टॉर्च हवी ती तुम्हाला तो आधी दिसावा आणि तुम्ही येताय हे त्याला आधी कळावं म्हणून. बाकी वनखातं सांगतं तेच: एकट्याने जाऊ नका, जावंच लागलं तर मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चला, हातात काठी ठेवा, वाकू नका, पळू नका. माझी भर एवढीच की लांबवर बघताना टॉर्च डोळ्यांच्या बाजूला, कानशिलाजवळ धरा. बिबट्याच्या डोळ्यामागे आरशासारखा एक पडदा असतो. तो उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. टॉर्च कमरेशी असेल तर ती चमक तुमच्या कमरेला दिसेल, तुम्हाला नाही. कुत्र्यामांजरांचे डोळेही असेच चमकतात, तेव्हा प्रत्येक चमकेला घाबरू नका. गवतात बारीक हिरवट टिकल्या दिसल्या तर ते बहुतेक कोळी असतात. हे मला कळलं तेव्हा मी अर्धा तास अंगणात टॉर्च घेऊन हिंडले होते.

सापाच्या डोळ्यांत अशी चमक नसते, त्यामुळे तिथे उलटं. टॉर्च खाली, कमरेच्याही खाली धरा आणि उजेड जमिनीला घासत पुढे जाऊ द्या. तिरप्या उजेडात काडी, ढेकूळ, साप, सगळ्यांची सावली पडते आणि उंचवटा कळतो. कपाळावरच्या टॉर्चने नेमकी ही सावली नाहीशी होते, सगळं सपाट दिसतं. मण्यार रात्रीच हिंडते आणि घोणस पाचटात पडली की पाचटच होते. पायात बूट हवेतच, टॉर्च त्यांची जागा घेत नाही. आणि चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथे मिळतं.

घोणस निघालीच आहे तर रंगाबद्दल बोलू. तुम्ही लॅबमध्ये साखरेचा रंग इक्युम्सा या एककात मोजता, डोळ्याच्या भरवशावर एस-३० प्रतीच्या साखरेचा ढीग पास करत नाही. उजेडालाही तसा एक आकडा असतो, सीआरआय. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे गुण, शंभरपैकी. स्वस्त एलईडी सत्तरच्या आसपास घुटमळतो. त्यात पहिला बळी जातो तो लाल रंगाचा. माझ्या वर्गात एकदा लाईट गेली असताना एका मुलाने असल्या निळसर टॉर्चमध्ये जोडणी केली आणि लाल तार तपकिरी समजून भलत्या टर्मिनलला अडकवली. पुरवठा बंद होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी ९० च्या वरचा सीआरआय मागते. तपकिरी पाचटात तपकिरी घोणस ओळखायची असेल तर निळसर झोतापेक्षा खऱ्या रंगाचा उजेड बरा, असं माझं ठाम मत आहे. उजेडाची छटा केल्विनमध्ये, म्हणजे 'के'मध्ये लिहितात. पाकिटावर ४००० के किंवा ५००० के लिहिलं असेल तर घ्या. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, तो टाळा. सीआरआय चांगला असला की त्याच सेलवर लुमेन थोडे कमी मिळतात. मिळू देत.

आता सेल. तुमच्या बजेटात खरी निवड इथेच आहे.

बाजारात पाच-सातशेला मिळणाऱ्या बहुतेक टॉर्चमध्ये सेल आतच बंद केलेला असतो. चार्जिंगची पिन आहे, झाकण नाही. दोन-तीन वर्षांत सेल म्हातारा झाला की अख्खी टॉर्च भंगारात. तुम्हाला चार-पाच वर्षं हवीत, तेव्हा ही वाट सोडा. माझं ऐकाल तर सेल बाहेर काढता येणारीच घ्या.

त्यात दोन घराणी. एक पेन्सिल सेलवर चालणारी. तिचा मोठेपणा असा की सेल संपला तर फाट्यावरच्या टपरीवर दुसरा मिळतो. पण टपरीवरचे सेल त्या वेळेपुरतेच, रोजसाठी चार्ज होणारे निकेलचे घ्या. एनेलूप जातीचे घेतले तर कपाटात पडून लवकर उतरत नाहीत. सान्योने ही जात २००५ मध्ये काढली, आता पॅनासोनिककडे आहे. अशा एका सेलवर ५० लुमेनचा उजेड साडेतीन-चार तास मिळतो. तुमची चाल अठरा मिनिटांची, आठवड्याला सहा रात्री. म्हणजे एक चार्ज दोन आठवडे. सुट्टीच्या दिवशी सेल चार्जिंगला लावायचे, संपलं.

दुसरं घराणं १८६५० चं. बोटाएवढा जाडजूड लिथियम सेल, वीज चौपट, उजेडही जास्त. बऱ्याच जणींना टॉर्चलाच टाइप-सीची पिन असते, मग वेगळा चार्जर लागत नाही. अंगाने ती जाड, पँटच्या पुढच्या खिशात जाणवते. इथे एक बारीक खोड सांगते. काही टॉर्च जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलने चार्ज होतात, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या नव्या केबलने होत नाहीत. आतले दोन फुटकळ रेझिस्टर वाचवलेले असतात. लोकांना वाटतं टॉर्च बिघडली. केबल बदलून बघा.

१८६५० सुटा खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला घेऊ नका आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. पेन्सिल सेलच्याच आकाराचा १४५०० नावाचा लिथियम सेलही मिळतो, आणि तो जुळ्या भावासारखा दिसतो. ज्या टॉर्चवर दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलंय तिच्यातच तो घाला. साध्या टॉर्चमध्ये किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये गेला तर दीड व्होल्टच्या जागी चार व्होल्ट जातात. आमच्याकडचा एक रिमोट असाच गेला, दोष माझा.

नावं विचाराल म्हणून सांगते. पेन्सिल सेलमध्ये सोफर्नची एसपी १० प्रो: तिचा मंद टप्पा खरोखर चांदण्यासारखा आहे, रंग खरा आणि १४५०० सुद्धा चालतो. १८६५० मध्ये वुर्कोसची एफसी ११: टाइप-सी, मागे लोहचुंबक, रंग चांगला. ते चुंबक गाडी दुरुस्त करताना उपयोगी पडेल. कॉन्व्हॉयची एस २ प्लस ही जुनी, साधी, दणकट, उघडून दुरुस्त करता येणारी. माझी लाडकी तीच, पण नवख्याला मी एफसी ११ देईन. तिन्ही चिनी आहेत आणि आपल्याकडे सरळ मिळत नाहीत. ज्या साइटवरून लोक त्या मागवायचे ती अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातलेल्या ४३ ॲपमध्ये गेली. आता मधले विक्रेते आणून विकतात, भाव दर आठवड्याला हलतो, कधी तुमच्या दीड हजाराच्या वर जातो. मी किंमत लिहीत नाही ती त्यासाठीच. एक खूण लक्षात ठेवा: ज्या विक्रेत्याच्या पानावर दुसरीकडे कुठे एक लाख लुमेन दिसतील, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

मिळाली नाही किंवा परवडली नाही तर नारायणगावच्या नाहीतर आळेफाट्याच्या बाजारात जा आणि हाताळून घ्या. मंद टप्पा लावून मोबाईलचा कॅमेरा, ते वर सांगितलंच. मग झोत स्वतःच्या तळहातावर टाका. निरोगी माणसाचा तळहात गुलाबीसर दिसला पाहिजे. राखाडी, मेल्यासारखा दिसला तर रंग खोटा. टॉर्च कानाशी हलवा, आत काही खुळखुळायला नको. झाकणाचे आटे फिरवून बघा, खरखर न होता सरकले पाहिजेत आणि मध्ये रबराची रिंग दिसली पाहिजे. तोंड पुढे-मागे ओढून झोत लहान-मोठा करायची टॉर्च दुकानात फार छान वाटते, भिंतीवर चौकोन पाडते. पण त्या सरकत्या नळीतूनच पाणी आणि धूळ आत जाते. घेऊ नका. पाणी किती अडतं ते आयपीएक्स या आकड्यावरून कळतं. पावसापुरतं आयपीएक्स ४ पुरे. ओढ्यात पडायची भीती असेल तर आयपीएक्स ७ बघा, त्यात एक मीटर पाण्यात अर्धा तास धरलेला असतो.

बटण कसं आहे तेही बघा. काही टॉर्च दर दाबाला जास्त, कमी, लुकलुक असं चक्र फिरवतात. मध्यरात्री कुत्रं अंगावर येत असताना तुमच्या हातात डिस्को लागेल. ज्या टप्प्यावर बंद केली त्याच टप्प्यावर पुन्हा लागणारी घ्या, आणि लुकलुक कुठेतरी लपवलेली असेल अशी. बाजूला हलकं बटण असेल तर ते खिशात आपोआप दाबलं जातं. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेक धातूच्या टॉर्च बंद राहतात. ही सवय लावून घ्या, नाहीतर मांडीला चटका बसतो आणि पँटला भोक पडतं.

आता वडील. दोन मोठ्या सेलच्या त्या पत्र्याच्या बॅटरीचा उजेड वीसेक लुमेन असेल, त्याहून जास्त नाही. पण तारेच्या बल्बमध्ये सगळे रंग खरे दिसायचे. सेल किराणा दुकानात मिळायचे, बल्ब गेला तर नवा लावता यायचा आणि जादा बल्ब मागच्या झाकणात स्प्रिंगमध्ये ठेवलेला असायचा. मंद उजेड, खरा रंग, हाताने दुरुस्ती: मी वर जे एवढ्या आवेशात सांगितलं ते त्यांना आधीच ठाऊक होतं. अजून ते रात्रीच्या लाईटीवर दारं धरायला जात असतील, तर त्यांच्यासाठी कपाळावर बांधायची एक छोटी टॉर्च घ्या, हातात फावडं असताना दुसरा हात मोकळा लागतो. तिच्यात सापाची सावली पडत नाही असं मी वर म्हणाले होते, म्हणून जाता-येता हातातली वेगळी.

त्यांची जुनी बॅटरी टाकू नका. ती काढा आणि आधी बघा, आत सेल राहिलेत का. बहुधा राहिले असतील आणि स्प्रिंगवर पांढरं-हिरवं चढलं असेल. साधे स्वस्त सेल गळतात ते आम्लधर्मी असतं, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेल गळतात ते अल्कली, त्याला लिंबाचा रस. सेलवरचं नाव पुसलं गेलं असेल तर पांढऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पीएच पेपर लावा. तुमच्या लॅबमध्ये असेलच. मग जुन्या ब्रशने घासा, पुसा, उन्हात तासभर ठेवा आणि नवे सेल घालून वडिलांच्या हातात द्या. पेटली तर मला कळवा.